उजवा बूट

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या उजव्या मांडीतली गाठ सार्कोमा नावाच्या कर्करोगाची निघाली, पाय काढावा लागेल, असं भाऊजींनी फोनवर सांगितलं. दिवसभर कारखान्यात नुसतं ठोकत बसलो. मला धीर देता येत नाही, बूट करता येतो. तो पाठवलाय, जपून ठेवलेल्या मऊ कातड्याचा. डावाच केलाय. उजवा करायला घेतला आणि हात चालेना. पाय गेला तर जाऊ दे, तू राहा.

लोभ आहेच, तो वाढव.
तुझा ठोक्या

११ मार्च

चि. ठोक्यास,
अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा.

उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! तुझ्या भाऊजींनी अर्धंच ऐकलं. रोग फक्त मांडीत असता तर कापाकापीचा विचार झाला असता. पण दोन्ही फुफ्फुसांत डाग आहेत. पाय कापून ते जाणार नाहीत. म्हणून अंगभर पोचणारं औषध, तीन आठवड्यांनी एकदा सलाईनमधून. लालभडक असतं. ते हृदयाला त्रास देऊ शकतं, म्हणून आधी हृदय तपासलं. मांडीचं दुखणं कमी व्हावं म्हणून तिथे किरणं देणार.

बरी होईन का, असं डॉक्टरीणबाईंना सरळ विचारलं. म्हणाल्या, पूर्ण बरं होणं अवघड, रोखून धरायचा प्रयत्न करू. किती दिवस, ते त्यांनाही सांगता येईना. मी म्हटलं, मग रोखा. भीती वाटते रे, खोटं कशाला लिहू? पण पाय माझा आहे आणि तो जागेवर आहे. उजवा बूट मुकाट्याने धाड.

तुझी, दोन पायांची,
ताई

१८ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चुकलो. उजव्याचं कातडं कापलंय, पण पाय सुजलाय म्हणे, जुनं माप चालायचं नाही. लाल औषध घेऊनही डाग वाढले, हेही भाऊजींकडून कळलं. ताई, आता पुरे कर. इकडे ये, आराम कर. तुझे हाल ऐकवत नाहीत.

लोभ असू दे, राग नको.
ठोक्या

२ सप्टेंबर

चि. ठोक्यास,
अनेक आशीर्वाद.

उत्तर मुद्दाम लांबवलं. ‘पुरे कर’ला नुसतं तोंडाने उत्तर द्यायचं नव्हतं.

ते औषध लागू पडेना, तेव्हा बाईंनी ते थांबवून गोळ्या सुरू केल्या. रोज घरीच घ्यायच्या. जुलाबांनी जीव नकोसा होतो. लाल औषधाने गळून नव्याने आलेले केस या गोळ्यांनी पांढरेफटक झाले, भुवयासुद्धा! शेजारीण मला आजी म्हणाली. मी तिला पणजी म्हटलं.

काल तपासणीचा निकाल आला. डाग आहेत तेवढेच आहेत. गेले नाहीत, पण वाढलेही नाहीत. सोमवारपासून अर्धा दिवस मीटर वाचायच्या कामावर. विजेचे मीटर चौथ्या मजल्यावरही असतात. दोनदा टेकत चढेन. हाल माझे आहेत, पुरे कधी करायचं ते मीच सांगेन. तेव्हा तू ऐकायचंस.

सोबत उजव्या पायाच्या मापाचा कागद आहे. बाबा सांगायचे तसं संध्याकाळी, उभं राहून, सुजेसकट काढलाय. तळ असा लाव की उसवून नवा बसवता येईल. हा मी झिजवून परत पाठवणार आहे.

तुझी,
ताई