मेंढीचा कान आणि सत्तरचं दशक

कोकसाय, जुन्या बीटकारखान्यामागची गल्ली
सोमवार, सकाळचा चहा झाल्यावर

आदरणीय ओराझबेक आगांना धाकट्या सागिंदिकचा दोन्ही हात छातीवर ठेवून सलाम.

तुमचा गुडघा कसा आहे? समुद्रावरच्या वाऱ्याने तो अजून ठणकतो, की वहिनींनी त्यावर बांधलेल्या उंटाच्या लोकरीने काही फरक पडला? वहिनींचं ब्लडप्रेशर उतरलं का? मुलं, सुना, नातवंडं सुखात आहेत ना? गुराढोरांची खुशाली विचारल्याशिवाय पुढचं बोलू नये असं आपल्याला लहानपणापासून शिकवलंय, म्हणून तीही विचारतो. (तुम्ही अक्ताउला पाचव्या मजल्यावर राहता आणि तुमच्याकडे गुरांपैकी फक्त एक मांजर आहे, हे मला ठाऊक आहे. तर मांजर बरं आहे ना?) इकडे आम्ही सगळे मजेत. गाय व्यायली, कालवड झाली. तुम्ही पाठवलेले खारवलेले मासे पोचले. झाउरेशने, माझ्या लग्नाच्या बायकोने, त्यातले अर्धे माझ्यापासून लपवून ठेवलेत, आणि ती लपवण्याची जागा मला सापडली आहे हे तिला अजून कळलेलं नाही, त्यामुळे घरात शांतता आहे.

खरं तर फोनच करणार होतो. पण मागच्या खेपेला मी 'मकपालचं लग्न जमतंय' असं चारदा ओरडलो आणि तुम्ही चारही वेळा 'हो, इकडेही थंडीच आहे' असं सांगितलंत. अकरा वर्षं ड्रम बडवल्यावर कानांकडून आणखी काय अपेक्षा करायची? म्हणून हे पत्र. तर आगा, आमची धाकटी मकपाल, जी दवाखान्यात लोकांचं रक्त तपासते आणि घरी येऊन आमचं आटवते, तिने शू गावचा झांदोस नावाचा मुलगा पसंत केला आहे. रेल्वेचे सिग्नल दुरुस्त करतो. उंच आहे, कमी बोलतो. दोघांनी आपलं आपणच जमवलं, आमच्यासाठी फक्त मांस शिजवण्याचं काम शिल्लक ठेवलं. काल रविवारी मुलाकडचे येणार होते. मुलाच्या आईने मकपालच्या कानात कर्णफुलं घालायची, मग आम्ही व्याह्यांनी एकमेकांना मेंढीच्या शेपटीची चरबी आणि कलेजी भरवायची, की झालं पक्कं. ती चरबी एकदा घशाखाली गेली की लग्न कोणाच्या बापाला मोडता येत नाही, अगदी मुलीच्या बापालासुद्धा. सकाळी मकपाल माझ्याजवळ येऊन म्हणाली, "अके, आजच्या दिवस गाण्यांवरून कोणाशी भांडू नका. एवढंच मागते." मी माझ्या अकॉर्डियनवर हात ठेवून शपथ घेतली. पोरीला मुलगा मनापासून आवडलाय, तिच्या डोळ्यांत दिसतं, आणि मी काही पाषाण नाही.

अकरा वाजता मंडळी आली. होऊ घातलेले व्याही, आपले कुदा, बैमुरात म्हणजे तीस वर्षं मालगाडीचं इंजिन चालवून निवृत्त झालेला पहाडासारखा माणूस, आवाजही इंजिनाच्या भोंग्याचा. त्यांची बायको कुल्याश बारीक आणि नीटनेटकी, हातात काळी पर्स, पर्समध्ये कर्णफुलांची डबी. बसले, चहा सुरू झाला, हवापाणी झालं, बीटाचा कारखाना बंद पडल्याबद्दल हळहळून झालं. मग बैमुरातचं लक्ष कोपऱ्यातल्या माझ्या रेडिओग्रामकडे गेलं आणि ते कौतुकाने म्हणाले, "वा! गाणी ऐकावीत तर ऐंशी सालानंतरची. काय ते दशक होतं!" आगा, तुम्हीच सांगा, मी भांडण सुरू केलं का? मी फक्त अत्यंत नम्रपणे म्हणालो की ऐंशीच्या दशकाने सत्तरच्या दशकाचं उष्टं खाल्लं. बस. त्यावर ते हसून म्हणाले, "कुदा, तुमची सत्तरची गाणी म्हणजे चालीत वाचलेला पीकपाण्याचा अहवाल!" आता आपण दोघांनी 'अल्तिन मसाक'मध्ये तीन वेळा खरोखरच पीकपाण्याचा अहवाल चालीत म्हटला होता, हे त्यांना कोणी सांगितलं कोण जाणे. (वाद्यवृंदाचं नाव सोन्याच्या गव्हाच्या लोंबीवरून, आणि आपलं शेत बीटाचं. तेव्हाही लोक हसायचे.) मी म्हणालो, "आणि ऐंशीत काय हो झालं? यंत्र आपोआप ठोकतंय आणि ड्रमवाला घरी बसून चहा पितोय!" हे मी तुमच्या सन्मानार्थ बोललो.

इथे माझा मेहुणा सेइतकाली मध्ये पडला. (जमीन मोजायचा. आता जमीन मोजून झाली, लोकांच्या बोलण्यातली मापं काढतो.) म्हणे खरं दशक नव्वदचं. त्यावर आयुष्यात पहिल्यांदाच मी आणि बैमुरात एका सुरात ओरडलो, "नव्वदमध्ये वीज होती कुठे? ऐकलीस कशावर?" तो शांतपणे म्हणाला, "म्हणून तर! बॅटरी जपायची, आठवड्यातून एकदा एकच गाणं ऐकायचं. ज्या गाण्यासाठी आठवडाभर थांबायची तयारी असते, ते गाणं वाईट असेल का?" दिवसभरातला हा सर्वांत बिनतोड मुद्दा होता, म्हणून आम्ही दोघांनीही तो ऐकला नाही असं केलं. मग कोणीतरी आईशेजारी बसलेल्या होणाऱ्या जावयाला विचारलं. झांदोस म्हणाला, "मला सगळीच आवडतात." सगळ्यांनी त्याच्याकडे दयेने पाहिलं.

इतक्यात मकपाल मांस बघायला आत गेली आणि चहाची किटली माझ्या हातात आली. मी त्या वेळी सत्तर ते एकोणऐंशी अशी प्रत्येक सालाच्या दोन-दोन ओळी गाऊन दाखवत होतो, आणि गाता गाता बैमुरातच्या पियाल्यात चहा ओतत होतो. पाहुण्याला घोटभर चहा द्यावा, म्हणजे तो पुन्हा पुन्हा पियाला पुढे करतो, आणि काठोकाठ भरून दिला तर त्याचा अर्थ 'प्या आणि चालते व्हा', हे आपल्याकडे रांगत्या पोरालाही कळतं. चौऱ्याहत्तर सालापर्यंत चहा बरोबर होता. पंचाहत्तर सालचं गाणं मला फार आवडतं, त्यात मी डोळे मिटले. उघडले तेव्हा शहात्तर साल लागलं होतं आणि पियाला तुडुंब भरून बशीत सांडत होता. बैमुरात पियाल्याकडे बघत राहिले. कुल्याश नवऱ्याकडे बघत राहिली. झाउरेशने माझ्याकडे जसं पाहिलं तसं तिने यापूर्वी एकदाच पाहिलं होतं, पण तो विषय वेगळा.

तेवढ्यात मांसाचं ताट आलं. मेंढीची मानाची मुंडी पाहुण्यांपुढे ठेवली. बैमुरात जुन्या रीतीचा माणूस, संतापले तरी रीत सोडली नाही. गालाचा तुकडा कापून चाखला. मग उजवा कान कापला. हा कान घरातल्या लहानग्याचा, खाल्ला की पोर मोठ्यांचं ऐकायला शिकतं. आमची सहा नातवंडं समोर ओळीने बसली होती. बैमुरातनी त्या सहाही डोक्यांवरून हात पुढे नेला आणि तो कान माझ्या तळहातावर ठेवला. "घ्या, कुदा. ऐकायला शिका."

त्रेसष्टाव्या वर्षी, आगा! भर बैठकीत! मेहुण्यादेखत!

कुल्याशने गुडघ्यावर काढून ठेवलेली डबी परत पर्समध्ये घातली आणि पर्सची कडी लावली. ती कडी लागल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो आहे. दारात मकपाल रश्श्याचं भांडं घेऊन उभी होती. ती रागावली नव्हती. ती तिसरीत असताना मी एकदा तिला शाळेतून आणायला विसरलो होतो, तेव्हा फाटकाशी उभी राहून तिने जसं पाहिलं होतं, तशी बघत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागावी असं अगदी जिभेवर आलं, पण त्यासाठी ऐंशीचं दशक मान्य करावं लागलं असतं.

मंडळी उठली. बैमुरात अंगणातल्या पायरीवर बसून बूट घालायला लागले. पोट मोठं, बूट घट्ट, राग अनावर, आणि राग आला की त्यांना गुणगुणायची सवय असावी. तर ते गुणगुणायला लागले. मी कान हातात घेऊन दारात उभा होतो. पहिल्या ओळीला मला काही कळलं नाही. दुसऱ्या ओळीला मी उंबरठा ओलांडून बाहेर आलो. आगा, ते 'कालव्यापलीकडची' होतं. आपलं. मी केलेलं! ज्या जागी तुम्ही नेहमी घाई करायचात, तिथेच ते बेसूर झाले, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "तिथे सूर वर जातो."

"मला शिकवताय?" ते कडाडले. "एक्क्याऐंशी सालचा बीटाचा उत्सव, तुमचंच हे स्टेशन, माझी कोळशाची गाडी लाल सिग्नलला उभी. तुमच्या सभागृहाच्या छपरावरच्या भोंग्यातून निवेदक म्हणाला, नवं कोरं गाणं, आज पहिल्यांदाच. सिग्नल हिरवा झाला तरी मी गाडी हलवली नाही. ही कुल्याश तेव्हा इथल्या सिग्नलच्या केबिनमध्ये कामाला होती, मला शिव्या द्यायला धावत आली, आणि शिव्या देता देता थांबून ऐकायला लागली. जगात पहिल्यांदा ते गाणं वाजलं तेव्हा आम्ही दोघं तिथे होतो! हे आहे ऐंशीचं दशक, कुदा. काढा तुमच्या सत्तरमधलं याच्या तोडीचं!"

आता माझी अवस्था बघा. गप्प बसावं तर माझं गाणं अनाथ होतं. बोलावं तर ज्या दशकाला मी तीस वर्षं नावं ठेवली, त्याचं सर्वोत्तम गाणं माझ्याच नावावर लागतं. मी क्षणभर विचार केला आणि अतिशय शांतपणे, मोठ्या मनाने एवढंच म्हणालो, "गाणं माझं आहे." कुल्याश फाटकाशी थबकली. बैमुरात एका पायात बूट घालून उभे राहिले, लंगडत आले आणि मला असं कवटाळलं की माझ्या बरगड्यांतून अकॉर्डियनसारखा आवाज निघाला. त्यांचे डोळे भरले होते. माझेही, खोटं कशाला बोलू. मग मी त्यांच्या कानात सांगितलं, "पण ते एकोणऐंशी सालचं आहे," आणि भांडण पुन्हा सुरू झालं. पण ते आता गळ्यात गळे घालून, घरात जाऊन, ताटासमोर. सेइतकालीने तडजोड म्हणून ऐंशी साल मधोमध धरा असं सुचवलं, तर आम्ही दोघांनी त्याला हाकलून दिलं. तोवर कुल्याशने कोणाला न विचारता मकपालच्या कानात कर्णफुलं घातली होती. आम्ही एकमेकांना चरबी-कलेजी भरवली. मकपालने मला पियाला दिला, तळाशी घोटभर चहा, जास्तीत जास्त मान. लग्न ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी. तुम्ही आणि वहिनींनी यायचंच. मांजराची सोय शेजाऱ्यांकडे करा.

तुमचा सत्तरच्या दशकातला,
सागिंदिक

ता. क. सालाचा निकाल तुमच्यावर सोपवला आहे. लग्नात सगळ्यांसमोर तुम्हाला विचारणार, तुम्ही सांगाल ते दोघांनीही मानायचं. अडचण एकच. त्या गाण्यात ड्रम आहेत असं बैमुरातना पक्कं आठवतं, आणि तुमचे ड्रम ऐंशीच्या उन्हाळ्यात आले. त्याआधी तुम्ही बीटाची बादली पालथी घालून वाजवायचात. तेव्हा कृपा करून सांगा की ती बादलीच होती. तुमचा शब्द कोण मोडणार?

ता. क. दुसरा. वरचं लिहिल्यावर मन खातंय. एकोणऐंशी म्हटलं तर 'जगात पहिल्यांदा वाजलं तेव्हा आम्ही दोघं तिथे होतो' हे त्या बिचाऱ्याचं चौतीस वर्षांचं सुख आपण काढून घेतो. तुम्हाला जे आठवत असेल ते सांगा. फक्त फार मोठ्याने सांगू नका. आणि हो, तो कान मी खाल्ला. छान शिजला होता.

ओराझबेक आगा, मी झाउरेश. यांनी पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून लिहिते. शांतपणे वगैरे काही नाही, कान हवेत नाचवत 'माझं! माझं!' असे ओरडले की शेजारच्यांची कुत्री भुंकायला लागली. आणि आगा, ते यांचं नाही. अठ्ठ्याहत्तर सालच्या जूनमध्ये बीटाच्या खुरपणीला मी ती चाल गुणगुणत होते, हे बांधावर वही घेऊन रोपं मोजत उभे होते. तीन वर्षांनी उत्सवाच्या आदल्या दिवशी तीच चाल अकॉर्डियनवर वाजवली आणि म्हणाले, "तुझ्यासाठी केली." इतकं मनापासून वाजवत होते की मी हो म्हटलं. तेव्हा दशक यांचं बरोबर आहे. पण हे कोणाला सांगू नका. यांना गाणं हवंय, त्यांना साल, दोघंही खुशीत आहेत, आणि पोरीच्या कानात कर्णफुलं आहेत. लग्नात विचारतील तेव्हा तुम्हाला ऐकू आलं नाही म्हणा आणि सरळ बादली वाजवायला घ्या. गाईन मी.