निळं झालेलं दूध

आई, आज तळेगावच्या डेअरीत एका टँकरच्या दुधात आयोडीनचा थेंब टाकला आणि दूध निळं झालं. सोबतची मुलगी म्हणाली, "मॅडम, मारू का रिजेक्टचा शिक्का?" मी म्हटलं, "थांब, दुसरा नमुना घे." ती हसली, कारण मी दर वेळी हेच म्हणते. दुसराही निळाच निघाला आणि टँकर परत गेला. पण माझं मन दिवसभर संत तुकाराम नगरातल्या आपल्या स्वयंपाकघरात अडकून पडलंय.

तिथे मी अजून नववीत आहे. तू चाकणच्या कंपनीत रबरी वायसर तपासतेस, फर्स्ट शिफ्ट करून चारला घरी येतेस. दिवसभर खोट शोधायचं काम, त्यामुळे घरातही तुझी नजर तशीच. त्या दिवशी शाळेत बाईंनी बटाट्यावर आयोडीन टाकून दाखवलं होतं. स्टार्च म्हणजे साखरेच्या कणांची लांबच लांब साखळी, आयोडीन तिच्या वेटोळ्यात जाऊन बसतं आणि काळानिळा रंग येतो, हे सगळं मी तुला चहा पिता पिता ऐकवलं. दुधात प्रथिनं असतात, चरबी असते, त्याची स्वतःची साखर असते, पण स्टार्च नसतो, तो झाडाझुडपांकडूनच यायचा, हेही सांगून बसले. तू उठून कपाटातली, जखमेवर लावायच्या टिंचर आयोडीनची बाटली काढलीस. भात, पोळी, पोहे, सगळ्यांवर थेंब पडले. माझ्यापेक्षा तूच जास्त रंगलीस. मग म्हणालीस, "आता दुधावर टाक गं."

मी टाकला. वाटीतलं दूध निळं झालं आणि तुझा चेहरा लाल.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता, तुझी सुट्टी. पिंपळे गुरवहून येणारे दूधवाले मामा माप भरत होते. तू कालची निळी वाटी त्यांच्या नाकासमोर धरलीस. "पीठ घालता दुधात? लेकराबाळांच्या तोंडचं?"

मामांनी माप खाली ठेवलं. "ताई, खोटं न्हाई बोलत. कवा कवा पानी घालतो म्या. पन पीठ न्हाई हो. लेकराची आन."

"पाण्याचं कबूल, मग पिठाचंच का नाही?"

जिन्यात बायका जमल्या. महिन्याभरात सगळ्या बिल्डिंगीत पिशवीचं दूध यायला लागलं. मामांची सायकल पुन्हा आपल्या गल्लीत दिसली नाही.

आई, दुधात पेज मी घातली होती. त्या दिवशी तू यायच्या आधी पेलाभर दूध साखर घालून पिऊन टाकलं होतं. तुला कळू नये म्हणून पातेल्यात पाणी ओतलं, तर ते फारच पातळ दिसायला लागलं, म्हणून भाताची वाटीभर पेज ओतली. थेंब टाकतानासुद्धा वाटलं, एवढ्याशा पेजेचा कसला रंग येतोय! आला तेव्हा तोंड उघडायला एक क्षण पुरला असता. सकाळी मामांनी लेकराची शपथ घेतली तेव्हा मी तुझ्यामागेच उभी होते.

त्यानंतर तू येईल त्याला सांगायचीस, "माझ्या पोरीच्या सायन्सनं चोर पकडला." त्याच कौतुकात ओव्हरटाइम करून मला बीएस्सी केलंस. आज मी ज्या खुर्चीवर बसते, ती मला त्या वाटीभर पेजेनं दिली. मागे एकदा मामांना शोधायला पिंपळे गुरवला गेले होते. गोठ्यांच्या जागी इमारती झाल्यात. एका जुन्या दुकानदारानं विचारलं, "नाव काय त्यांचं?" मला सांगता येईना. आपण कधी विचारलंच नव्हतं.

म्हणून हे तुला लिहितेय, आणि तुलाही पाठवायला पत्ता नाही. तू असतीस तर मी लिहिलंही नसतं. दवाखान्यात, तुझ्या शेवटच्या आठवड्यात, तू नर्सला तीच गोष्ट सांगायला लागलीस. "हिनं थेंब टाकला..." एवढं म्हणालीस आणि तुला धाप लागली. नर्स माझ्याकडे बघत होती. खरं सांगायची तीच वेळ होती. पण तुझे डोळे इतके चमकत होते, की पुढचं सगळं, चोर पकडल्यापर्यंत, मीच सांगितलं.