रंग तेवढा आंटींनी सांगायचा

शनिवार, संध्याकाळ

अजून डोकं तापलेलंच आहे. शोरूममधला तो विक्रेता इलेक्ट्रिक गाडीचं सगळं माझ्या मुलाला, निखिलला, समजावत होता. माझ्याकडे वळून एवढंच, "आंटी, कलर तुम्ही सांगा." कलर! निखिलला गाडी शिकवली कोणी?

म्हणे मोकळ्या रिंग रोडवर एक चक्कर मारा. मी म्हटलं, गाडी कुटुंबासाठी ना? मग कुटुंब बसवा. मागे निखिल, सून, नात. शेजारी हा विक्रेता. सरळ बनशंकरीला, आमच्या गल्लीतल्या त्या उंच गतिरोधकावर आणली. निखिलने मनात ठरवलेल्या त्या गाडीचं पोट खर्रकन घासलं.

"स्वल्प, जरा हळू, आंटी!" विक्रेता कानडी मिसळून ओरडला.

"याहून हळू म्हणजे उभीच करायची का? आणि बॅटरी तिथेच खाली असते ना?"

परत आल्यावर त्याने दुसऱ्या मॉडेलची किल्ली काढून दिली. तीही तशीच भरून त्याच गतिरोधकावर नेली, अलगद पार झाली.

निखिल उतरला आणि विक्रेत्यासमोरच म्हणाला, "आई, तू म्हणशील तीच घ्यायची. पहिल्या दिवशी चालवायचीही तूच." सुनेने टाळी वाजवली. मला उगाच भरून आलं की काय? छे. पण आलं.

मग विक्रेत्याने अदबीने मला विचारलं, "मॅडम, कलर?"

म्हटलं, "तो तुम्ही सांगा."