आठ पायांची मुंगी

प्रिय बारके,

पत्र बघून दचकू नकोस. तुझी आई ठणठणीत आहे, मीही आहे. फोन असताना बाबांनी कागद का घेतला, असं तुला वाटेल. फोनवर मी बोलायला लागलो की शिकवायलाच लागतो, असं तू एकदा म्हणाली होतीस. तेव्हा राग आला होता, पण खरं आहे. शिवाय फोनवर तू मला सगळं सांगतेस, दाखवत मात्र काही नाहीस. तुझं नवं घर आम्ही पाहिलं ते थेट तुझ्याकडे राहायला आलो तेव्हा. ऑफिसात तुला बक्षीस मिळालं, त्याचा फोटो आईच्या फोनवर आला, माझ्या नाही. म्हणून आज मीच तुला काहीतरी दाखवायचं ठरवलंय. जरा लांबून सुरुवात करतो, तेवढी सवलत निवृत्त मास्तरला दे.

तीन महिन्यांपूर्वी बाल्कनीतल्या गुलाबावर मावा पडला, ते रस शोषणारे बारीक किडे. आईनं फवारणीचा पंप माझ्या हातात दिला. पान उलटून पाहतो तर कचऱ्याचा एक कण चालत होता. चष्मा पुसला, तरी चालतोच आहे. पंप राहिला बाजूला. तू दिलेल्या तुझ्या जुन्या फोनवर चिमट्यानं बसवायचं एक भिंग मोबाइल दुरुस्त करणाऱ्याकडून आणलं आणि त्या कचऱ्याच्या मागे लागलो. पहिल्या दिवशी ऐंशी फोटो काढले, त्यातले साठ माझ्या अंगठ्याचे. आता जरा हात बसलाय. सकाळी गारव्यात किडे सुस्त असतात, तेव्हाच त्यांना गाठायचं. श्वास रोखायचा, नाहीतर भिंगावर वाफ धरते. डोळा स्पष्ट आला की बाकीचं धूसर चालतं. आई म्हणते, जन्मभर पोरांना सरळ बसा म्हणून ओरडलात आणि आता स्वतः बाल्कनीत पालथे पडता. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई दोनदा विचारून गेल्या, सरांना चक्कर आली का म्हणून.

तो कचरा म्हणजे एक अळी निघाली. ती मावा खाते आणि खाल्लेल्यांची रिकामी कातडी पाठीवर लादून फिरते, म्हणजे कुणाला संशय यायला नको. काय डोकं आहे बघ. हे मला फोनवरच्या एका गटात कळलं. तिथे लोक आपापल्या किड्यांचे फोटो टाकतात आणि जाणकार ते ओळखून देतात. एक बस ड्रायव्हर आहे, त्याला सगळ्या जातींचे चतुर पंखांवरून ओळखता येतात. एक दातांच्या डॉक्टरीणबाई आहेत, कोळ्यांच्या बाबतीत त्यांचा हात कुणी धरू शकत नाही. छत्तीस वर्षं विज्ञान शिकवलं म्हणून मी छाती फुगवून आत शिरलो आणि पहिल्याच आठवड्यात तीनदा तोंडघशी पडलो. एका साध्या माशीला मधमाशी म्हणालो. पण कुणी हसलं नाही, उलट पंख मोजायला शिकवलं, माशीला दोनच असतात. मग मलाच मजा यायला लागली. चुकलो की एक नवा प्राणी पदरात पडतो. वर्गात असताना हे मला कधी सुचलं नाही.

गेल्या महिन्यात कुंडीच्या काठावर एक तांबूस मुंगी दिसली. एकटीच, थांबत थांबत, मिशा हलवत चालली होती. बाजूनं झकास फोटो मिळाला. खाली 'मुंगी' असं लिहून टाकून दिला, मुंगीत काय चुकायचंय? डॉक्टरीणबाईंचं उत्तर आलं, 'सर, पाय मोजा.' माझं टाळकं सरकलं. मुंगीचे पाय मला शिकवता? फोटो मोठा करून मोजले. आठ. दुसरा चष्मा लावून मोजले. आठच. मी ज्यांना मिशा समजत होतो ते पुढचे दोन पाय होते, वर उचलून मिशांसारखे हलवत ठेवलेले. तो कोळी होता, बारके. मुंग्यांच्या वाटेला सहसा कुणी जात नाही, म्हणून तो मुंगीचं सोंग घेतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गाठला. बोट जवळ नेलं तर काठावरून उडी मारून धाग्याला लोंबकळत राहिला. मुंगी काही दोरी घेऊन फिरत नाही.

मी कुठे येतोय ते तुझ्या लक्षात आलं असेल. तुझ्या पाचवीच्या वर्गात मी आजूबाजूला दिसणाऱ्या एका कीटकाचं चित्र काढून आणायला सांगितलं होतं. तू आठ पायांची मुंगी काढलीस. तुझी वही उंच धरून मी सगळ्या वर्गाला विचारलं, ही मुंगी आहे की खुर्च्यांचं दुकान? पोरं खो खो हसली. तू उभी राहून म्हणालीस, "बाबा, मी मोजलेत." मी म्हणालो, "वर्गात सर म्हणायचं." तू म्हणालीस, "सर, मी मोजलेत." मी खोडरबर घेऊन तुझ्या मुंगीचे दोन पाय स्वतःच्या हातानं खोडले. मधल्या सुट्टीत तू माझी बाही ओढलीस, चला दाखवते, शाळेमागच्या कुंपणावरच आहे म्हणालीस. मी वह्या तपासत होतो. पन्नास पावलं नव्हती. वर्षभर पोरं तुला आठपाई म्हणत होती, तेही मला माहीत होतं. त्याआधी तू दिवसातून दहा वेळा काड्यापेटीत काहीतरी घेऊन 'बाबा, हे बघा' करत यायचीस. ते बंद झालं. मला वाटलं, पोरगी मोठी झाली.

हे सगळं मी आईला सांगितलं. ती उठली. आत जाऊन सुटकेसच्या तळातून तुझी ती वही घेऊन आली, माझ्यापुढे ठेवली आणि भाजी निवडायला बसली. अठ्ठावीस वर्षं सांभाळली तिनं, मला पत्ता नाही. तू पेन्सिल दाबून चालवली होतीस. कागद खिडकीशी तिरका धरला की खोडलेल्या पायांची खाच अजून दिसते. पुढचेच दोन, वर उचललेले. म्हणजे तू नुसते मोजले नव्हतेस, तो ते कसे धरतो हेही पाहिलं होतंस, दहाव्या वर्षी, भिंगाशिवाय. मला ते पासष्टाव्या वर्षी, भिंग लावून, आणि तेही दुसऱ्यानं सांगितल्यावर दिसलं. त्या खाचेचाही फोटो काढलाय. दोन्ही फोटो सोबत ठेवतोय. पाय मात्र मी पुन्हा गिरवले नाहीत. तुझ्या चित्रात एकदा हात घातला तेवढा पुरे झाला. पायांचं सोड, तिथे भलेभले फसतात. तू बोलावलंस आणि मी उठलो नाही, ते फार चुकलं. मला माफ कर.

आता खरं कारण सांगतो. कोळी कळून महिना झाला तरी लाजेनं हे पत्र लिहीत नव्हतो. पण गेल्या रविवारी आपण फोनवर बोलत असताना तुझी लेक ओरडत आली, आजोबा थांबा, मी काय काढलंय ते दाखवते. मग तुझा हळू आवाज आला. तू फोनवर हात ठेवला असशील, पण तो नीट बसला नव्हता. "राहू दे गं, आजोबांना नको दाखवूस." तू चिडून नाही म्हणालीस. माझ्यापासून तिला सांभाळत होतीस. मी बरं, ठेवतो म्हणालो आणि बाल्कनीत जाऊन बसलो. कुंडीवर तो कोळी होता, पण भिंग काढावंसं वाटलं नाही. तर बारके, एवढंच मागतो, ते चित्र तिला मला पाठवू दे. त्यात काय आहे ते मला ठाऊक नाही आणि त्याला किती पाय आहेत ते मी मोजणार नाही. मी तिला फक्त विचारीन, हे तू कुठे पाहिलंस? आणि ती चला दाखवते म्हणाली, तर मी येईन.

तुझाच,
बाबा (सर नव्हे)