पोळ्याला कापलेली तार

बोदवड,
ता. २० सप्टेंबर १९५६

चि. सौ. इंदूस आबाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र पोचलं. मी खुशाल आहे. खुशाल म्हणजे दोन वेळा हातानं भाकरी थापून खातो आणि संध्याकाळी ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला विनाकारण थांबवतो. तुझी आई गेल्यापासून घरात बोलायला कोणी नाही, म्हणून बोलायचं सगळं नूर महंमदला सांगतो. त्या बिचाऱ्याला मी गाडी चालवायचा पगार देतो, ऐकायचा देत नाही.

पोळा झाला. बैल विकून लॉरी घेतली म्हणून काय सण सोडायचा? सकाळी लॉरी धुतली, तिच्या दोन्ही दिव्यांवर गेरू लावला, बॉनेटवर झूल टाकली. बैलाचा जुना दोर, जुनी वेसण पोळ्याला काढतात तसं लॉरीचंही सगळं जुनं काढलं. ताडपत्रीचे दोर बदलले. पोटाखाली शिरलो तर तिथंही कुणीतरी एक तार गुंडाळून ठेवलेली, पुढं शिशाचा गोळा लोंबत होता. ती पकडीनं तोडून टाकली आणि त्या जागी नवा लाल नाडा बांधला. नूर महंमद झेंडूच्या माळा आणायला गेला होता. आल्यावर त्याला पुरणपोळी दिली आणि लॉरीला नैवेद्य दाखवला. गाव हसलं, पण आता दरवर्षीच हसतं.

एक कुरकुर मात्र आहे. तिसरा गिअर सुटतो. नूर महंमद दांडा गुडघ्यानं दाबून धरतो आणि जळगावपर्यंत तसाच बसतो. तुझ्या सासऱ्यांनी वैशाखात जुना गिअर बॉक्स खोलून नव्यानं बांधून दिला, तेव्हा सहा महिन्यांची गॅरंटी दिली होती. मी इतर गिऱ्हाइकांसारखा पुरा दर मोजला होता, तेव्हा गॅरंटीही इतरांसारखीच मागणार. पुढच्या खेपेला सरकी घेऊन धुळ्याला येईन, तेव्हा दाखवतो. तुझीही भेट होईल. नेहमीसारखी फाटकाशी उभी राहा. गाडीला टांगलेल्या कॅनव्हासच्या छागलीत माझं पाणी असतंच, तेव्हा आग्रह करायचा नाही. नातवाचं तोंड पाहिल्याशिवाय लेकीच्या घरी पाणी घेत नाहीत, हे तुला मी शिकवायला नको.

जावईबापूंना आशीर्वाद. म्हाताऱ्याची आठवण ठेवत जा.

तुझा,
आबा

---

धुळे,
ता. ९ ऑक्टोबर १९५६

ती. आबांस इंदूचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

परवा फाटकाशी गाडीचा आवाज आला म्हणून हातातलं पीठ तसंच घेऊन धावले. पाहते तर आपली लॉरी दुसऱ्या लॉरीच्या मागं साखळीनं बांधलेली, आणि तुमच्या जागेवर कोणीच नाही. नूर महंमदनं सांगितलं की पारोळ्याच्या अलीकडे गिअर बॉक्समधून मोठा आवाज झाला आणि गाडी जागच्या जागी थांबली. तुम्हाला ताप होता म्हणून तुम्ही निघालाच नव्हता, हेही त्यानंच सांगितलं. ताप आला तर मला कळवायचं नाही, असं कोणत्या शास्त्रात आहे?

मामंजींनी गाडीखाली जाऊन पाहिलं आणि बाहेर येऊन एवढंच म्हणाले की सील नाही. आबा, ते शिशाचं सील होतं. मामंजी बांधलेल्या प्रत्येक गिअर बॉक्सला तार गुंडाळून शिशाचा शिक्का मारतात. तो तुटला तर कुणीतरी मध्येच खोललं असं धरतात आणि गॅरंटी संपते. त्यांना वाटतंय की तुम्ही भुसावळच्या कुण्या मिस्त्रीकडून उघडवलं. आणि त्या जागी लाल नाडा का, हे तर कुणालाच उमगत नाही. मी तुमचं पोळ्याचं पत्र पुन्हा काढून वाचलं आणि स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून हसले. मग भीती वाटली. मी अजून कुणाला काही सांगितलेलं नाही. सांगू का?

मामंजी रागावलेले नाहीत. गॅरंटी गेली तरी व्याह्याचं काम म्हणून फुकट करून देतो म्हणतात. तुम्ही हो म्हणा, म्हणजे झालं.

सासूबाई पिंपळनेरला वन्संच्या बाळंतपणासाठी गेल्या आहेत, त्या आता दिवाळीनंतरच येतील. पुरुषमाणसं दिवसभर कारखान्यात असतात. दुपारी घर इतकं शांत होतं की मी भांडी पुन्हा घासते. सासूबाई नसताना घर सोडता येत नाही, म्हणून यंदा दिवाळीला मला माहेरी येता येणार नाही. तुम्ही तरी या.

तुमची माया आहे तशीच राहू द्या.

तुमची,
इंदू

---

बोदवड,
ता. १५ ऑक्टोबर १९५६

रा. रा. झुलालभाऊ यांस तोताराम यांचा सा. न. वि. वि.

चि. सौ. इंदूच्या पत्रावरून सर्व कळलं. फुकट करून देण्याची आपली तयारी हा आपला मोठेपणा आहे, पण तो मला घेता येत नाही. ज्या घरी मुलगी दिली त्या घरचं आम्ही पाणी घेत नाही, मग गिअर बॉक्स कसा घेऊ?

मी आपल्याकडे गिऱ्हाईक म्हणून आलो होतो. माझ्या गाडीचा गिअर बॉक्स कुणीही खोललेला नाही, हे मी देवाशपथ लिहितो. तार कशी तुटली ते विचारू नये. आपण गॅरंटीत काम करावं, नाहीतर गाडी तशीच उभी राहू द्यावी. इंदूला या व्यवहारात ओढू नये ही विनंती.

स्नेह आहे तो व्यवहारामुळे उणा होऊ नये.

आपला,
तोताराम

---

धुळे,
ता. २९ ऑक्टोबर १९५६

रा. रा. तोतारामभाऊ यांस झुलालचा नमस्कार, वि. वि.

आपलं पत्र मिळालं. गॅरंटीचा नियम माझ्याकडे सर्वांना सारखा आहे. सील तुटलं असताना आपल्याला गॅरंटी दिली तर उद्या आग्रा रोडवरचा प्रत्येक ड्रायव्हर तुटकी तार घेऊन दारात उभा राहील. तार कशी तुटली हे विचारू नये असं आपण लिहिता. मग मी काय समजायचं?

व्याही म्हणून मात्र आपण हुकूम करावा. आपण एकदा माझ्या ओसरीवर बसून चहा घ्या, दुसऱ्या दिवशी गाडी चालू. इतकी वर्षं आपण फाटकाशी उभं राहून स्वतःच्या छागलीतलं पाणी पिता आणि मी आत गादीवर बसलेला असतो. आपल्याला ते रीत वाटतं. मला अपमान वाटतो, हे आज लिहून टाकतो.

गाडी आवारात चिंचेखाली आहे. आमच्या कोंबड्या तिच्यात अंडी घालू लागल्या आहेत.

कळावे, आणि जमल्यास वळावे.

आपला,
झुलाल

---

बोदवड,
ता. २ डिसेंबर १९५६

चि. सौ. इंदूस अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

कापसाचा हंगाम भरात आहे. जिनिंगपुढं गाड्यांची रांग लागते आणि मी ओट्यावर बसून ती बघतो. नूर महंमद आता दुसऱ्याची लॉरी चालवतो. त्याला मीच लावून दिलं, त्याची चार मुलं आहेत. जाताना तो म्हणाला की आबा, नाड्याचं एकदा सांगून टाका, माणसं हसतील आणि विसरतील. मी त्याच्यावर ओरडलो. मग दोन दिवस तो येईल म्हणून दारात बसलो, पण तो खेपेवर गेला होता.

इंदू, तू कुणाला काही सांगायचं नाहीस. बापानं मोटारीला बैल समजून तिची वेसण सोडली, असं तुझ्या सासरी कायमचं म्हटलं जाईल. तुला मूल नाही म्हणून आधीच कुणी ना कुणी बोलत असेल. त्यात माझी भर नको.

दिवाळीला लाडू केले होते. कडक झाले. अजून आहेत.

प्रकृतीस जप, आणि पत्र लांबलचक लिहीत जा.

तुझा,
आबा

---

धुळे,
ता. २३ डिसेंबर १९५६

ती. आबांस शि. सा. नमस्कार, वि. वि.

रागावणार असाल तर आधी पत्र पुरं वाचा. मी मामंजींना सांगितलं.

रोज दुपारी काम आवरलं की मी लॉरीत जाऊन बसत होते. तुमच्या जागेवर. तिथं अजून तुमच्या तंबाखूचा वास येतो. काल मामंजी अंडी शोधायला आले आणि मी त्यांना तिथं सापडले. डोळे पुसायला वेळ मिळाला नाही. त्यांनी विचारलं तेव्हा मी पोळा, गेरू, झूल, दोर, तार, सगळं सांगून टाकलं. सुनेनं सासऱ्यांपुढं इतकं बोलायची ही पहिलीच वेळ.

ते हसले नाहीत. त्यांच्या वडिलांकडेही बैल होते. थोडा वेळ गाडीच्या चाकाला टेकून उभे राहिले आणि मग स्वतः कपडे बदलून गाडीखाली गेले. गिअर बॉक्स उतरवून खोलला. आत एक बेअरिंग जुनंच बसवलेलं निघालं, चिरलेलं. त्यांच्याच मिस्त्रीनं नवं बेअरिंग बाजूला ठेवून जुनं घातलं होतं. मामंजींनी सगळ्या कारागिरांना बोलावून ते बेअरिंग दाखवलं आणि चूक आपल्या कारखान्याची आहे, काम गॅरंटीतच होईल, असं सर्वांपुढं सांगितलं. रात्री जेवताना मात्र ते मला म्हणाले, “पोरी, तुना बाप मना याही शे. पन तेले गिऱ्हाईक व्हवानंच जास्त गोड लागस.”

तेव्हा आबा, व्याही नव्हे, गिऱ्हाईक म्हणून तुम्ही जिंकलात. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात गाडी तयार होईल. न्यायला तुम्ही स्वतः या. सासूबाईही परत आल्या आहेत. मी तुमच्यासाठी कळण्याची भाकरी आणि भरीत करणार आहे. आता तर वादही उरला नाही.

वाट पाहते आहे, हे वेगळं लिहायला नको.

तुमची,
इंदू

---

धुळे,
ता. ८ जानेवारी १९५७

ती. आबांस नमस्कार, वि. वि.

आज घाईनं लिहिते आहे, अक्षर लावून घ्या.

तुम्ही आलात तेव्हा मी वांगी भाजत होते. चुलीपासून उठून, हात धुऊन, पदर सारखा करून बाहेर येईपर्यंत तुम्ही गाडीत बसला होतात. मामंजींनी आत चला म्हटलं तर तुम्ही म्हणे सर्वांसमोर हात जोडलेत आणि काम गॅरंटीत झालं, आता काही देणं-घेणं उरलं नाही, असं बोललात. मला फाटकातून तुमची पाठ दिसली. पुन्हा तुमच्याकडे आलेल्या नूर महंमदनं मला पाहून गाडी हळू केली होती, पण तुम्ही वळून पाहिलं नाहीत.

मामंजी ओसरीवर दोन ताटांसमोर बसून राहिले. शेवटी एकटेच जेवले. भरीत चांगलं झालं आहे असं दोनदा म्हणाले.

तुमची गाडी बंद होती तेव्हा निदान ती माझ्याजवळ होती. ती बंद होती तोवर तुम्ही कधीतरी याल असं मला वाटायचं. आता ती चालू आहे आणि चिंचेखाली नुसती तेलाचे डाग पडलेली जागा आहे. गॅरंटी तुम्हाला मिळाली आबा, मला काय मिळालं?

याहून जास्त लिहिलं तर उद्धटपणा होईल.

इंदू

---

बोदवड,
ता. १३ जानेवारी १९५७

चि. सौ. इंदूस आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र काल आलं. गाडी छान चालते. तिसरा गिअर सुटत नाही. 

मी त्या दिवशी वळून पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर उतरलो असतो. पारोळ्याच्या अलीकडे गाडी थांबवायला लावली आणि घरून आणलेली शिदोरी सोडली. नूर महंमदनं त्याचा डबा उघडला नाही. 

तुला एक माहीत नाही. तुझी आई शेवटच्या आजारात रात्रंदिवस पाणी मागायची. घरचं दिलं की दोन घोट घेऊन भांडं बाजूला सारायची. एकदा मला म्हणाली की इंदूच्या विहिरीचं पाणी गोड आहे म्हणतात, आपण कधी चाखलंच नाही. मी तिला म्हणालो, नातू झाला की जाऊ. पुढच्या महिन्यात ती गेली. नातवावर मी तिचं पाणी अडवून धरलं, आणि आता तू माझ्यासाठी वाढलेलं ताटही त्यावरच अडवतो आहे. ही रीत कुणासाठी आहे, ते आता मला सांगता येत नाही. तुला मूल होईल, न होईल. तो तुझा दोष नाही आणि माझं तुझ्याकडे येणं त्यावर ठरायला नको. मी एकटा आहे इंदू. घरात फार एकटा आहे.

संक्रांत उद्या आहे. ती झाली की शुक्रवारी सकाळच्या गाडीनं जळगावला उतरतो आणि तिथून एस. टी.नं धुळ्याला येतो. लॉरी आणत नाही, सरकी आणत नाही, छागलही आणत नाही. झुलालभाऊंना सांग की तोताराम येतो आहे आणि त्याची तक्रार कसलीच नाही. दोन रात्री राहीन. कुणी विचारलं कशासाठी आले, तर काही सुचणार नाही, तेव्हा तूच काहीतरी सांग.

फाटकाशी उभी राहू नकोस. आत थांब. मी येतो.

तुझा,
आबा