निळ्या रेघेची नळी

शुक्रवार, संध्याकाळ

हाताला लागलेला पेट्रोलचा वास दोनदा साबण लावूनही जात नाही. जाऊच नये.

बाबांची जुनी गाडी चार वर्षं दादाच्या वाघोडियाच्या शेडमध्ये झाकून ठेवलेली होती. दिवाळीत माझ्याकडे हरणीला आली आणि पेट्रोल गळायला लागलं. शेजारच्या हंसाबेन रोज म्हणतात, "सुमनबेन, वेची नाखो ने!" विकून टाका म्हणे. दादाने तर चारचौघांत सांगितलं, "सुमीने टाकी कुठेतरी ठोकली. बायकांच्या हातात गाडी टिकत नाही." आता रविवारी गाडी विकायला करजणचं गिऱ्हाईक घेऊन जेवायलाच येतोय.

आज टाकी खालून चाचपली. कोरडी ठणठणीत. मग सगळं पुसून, खाली वर्तमानपत्र अंथरून इंजिन चालू केलं. डाग उमटला तो पुढे, इंजिनाजवळच्या पेट्रोलच्या पंपाखाली. तिथली नळी तडकली होती, ती काढून घेतली. आणि नळी कसली, तर पाण्याची! निळ्या रेघेची. दादाच्या घरच्या कूलरला हीच आहे. पेट्रोलने ती टिकेल कशी? आणि दादा मला म्हणे, "मी गाडीला हातही लावला नाही!"

फोन उचलला होता, परत ठेवला. दादाला एकट्याला सांगून काय उपयोग? मला चारचौघांत ऐकवलं ना?

रविवारी श्रीखंड-पुरी करीन. गिऱ्हाइकाचं पान दादाच्या शेजारीच मांडीन. दादाच्या पानात डावीकडे मीठ, लिंबू, चटणी वाढीन आणि त्यांच्याशेजारी ही निळ्या रेघेची नळी. वर आग्रहही करीन.

"दादा, सावकाश जेव. तुझ्या घरचंच आहे."