अर्ध्या तासासाठी

वर्षाचे बाबा,

'प्रिय' लिवाले हात रेटत नाही, म्हणून तसंच सुरू केलं. आज दुपारी मी डाव्या कुशीवर झोपली. कित्येक वर्षांत पहिल्यांदा. उठली तं बरं वाटाच्या आधी तुमचा राग आला, म्हणून हे पत्र.

नागीण निघाली होती मले, आठवते? डाव्या बरगडीपासून पाठीपर्यंत. तुमच्या आईनं गेरू लावला, फोड सुकले, तुम्ही म्हणले झालं. झालं कुठं? आग अन् खाज तशीच राह्यली. पोलक्याचं कापड टेकलं तरी जीव जाये. दाणे काढलेल्या कणसानं खाजवू खाजवू रक्त काढलं मी. अन् तुम्ही पाहुण्यांसमोर म्हणत, "इले कामाच्या टायमालेच खाज सुटते." सगळे हासत. मीबी हासे.

अकोल्याच्या डॉक्टरनं किती समजावून सांगतलं तुमाले. जखम भरली, पण नस बिघडली, मेंदूले अजून आग लागल्यावानीच वाटते. बाहेरूनच डोक्यावर चुंबकाचे ठोके द्याचे. कापाकापी नाही, पागलखान्यातला शॉक नाही. तुम्ही हाव हाव म्हणले. मी खुर्चीत बसली. मशीनवरची पोरगी म्हणाली, "काकू, कानातलं, गळ्यातलं काढून ठेवा, धातू चालत नाही. अर्ध्या तासानं घाला परत."

तुम्ही ताडकन उठले. "मी जित्ता हावो तवर इच्या गळ्यातली पोत निघत नसते!" मनगट धरून बाहेर आणलं मले. नांदुऱ्याच्या स्टेशनवर तिखटमीठ लावलेला पेरू घेऊन देल्ला, मोठा पराक्रम केल्यावानी. मी खाल्ला तो. त्याचाबी राग येते आता.

मंग तुम्हीच गेले. छातीत कळ आली, दवाखान्यापर्यंतबी पोचले नाही. तुमच्या बहिणीनं तुमच्यासमोरच माझ्या गळ्यातली पोत काढली. थांब म्हणणारं कोणी नव्हतं. दवाखान्यात एवढे ताडकन उठले होते, तवा काऊन नाही उठले हो?

पोरीनं, वर्षानं, मले पुन्हा अकोल्याले नेलं, आपल्या घरी ठेवून घेतलं. तीच खुर्ची, तीच पोरगी. "काकू, गळ्यातलं…" म्हणली अन् माझा गळा पाहून मशीनकडे वळली. काढाले होतंच काय? ठोके टकटक बसतात, हाताचं बोट आपोआप उडते. पहिले काही दिवस फरकच नाही. मंग हळूहळू पोलकं सहन व्हाले लागलं. खाज पुरी गेली नाही, संध्याकाळी येतेच. पण झोपू देते.

तिथं एक पाह्यलं मी. बाया खुर्चीतून उठतात, आरशासमोर उभ्या राहून पोत घालतात, पिशवी उचलतात अन् घरी जातात. कोणाचाच नवरा मरत नाही.

तुम्हीबी पाहून घेतलं असतं तं? माझ्या एवढ्या रात्री वाचल्या असत्या.

उरलेले ठोके मी पुरे घेईन, हा शब्द देते. अन् शेवटच्या दिवशी वर्षानं कपाटात जपून ठेवलेली ती पोत संग नेईन. खुर्चीतून उठली की आरशासमोर घालीन. तुमची बहीण बोलली तं बोलू द्या. तुमच्यासाठी घालून राह्यली असं मात्र समजू नका. मले ती फक्त अर्ध्या तासासाठी काढाची होती.

अजून रागातच असलेली,
कमल